हुरड्याच्या दिवसांतली यादी

पौषातली थंडी पडली की नगरला सावेडीच्या चौकात हुरड्याच्या गाड्या लागतात. आता तो सोलून, निवडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेला मिळतो. सून आणते, कढईत जरा गरम करते, वर शेंगदाण्याची चटणी घालते आणि वाटी माझ्या हातात देते. चव तीच असते. तळहातावर कणीस मळताना बसायचा तो चटका मात्र नसतो, आणि बोटांत कुसंही शिरत नाहीत.

परवा अशीच वाटी घेऊन गॅलरीत उन्हाला बसले होते, तर दारात एक मुलगी आली. कुठल्याशा शाळेत शिक्षिका होती. हातात मतदारांची यादी. खालचे तीन मजले तपासून आलेली, दमलेली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं माझं नाव वाचलं, मुलाचं वाचलं, सुनेचं वाचलं. मग जरा घुटमळली.

"आजी, आजोबांचं नाव अजून यादीत आहे. वगळायचा फॉर्म भरावा लागेल."

हे गेल्या श्रावणात गेले. मी म्हटलं, भर बाई. तिनं कारणाच्या जागी एक शब्द लिहिला आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून तो शब्द वाचला. मयत. सही मी फार सावकाश केली. वयामुळे, असं तिला वाटलं असणार. ती निघून गेली, वाटीतला हुरडा गार झाला, आणि मी मात्र प्रवरेच्या काठच्या एका गावात, एका ओट्यावर, मांडीवर वही घेऊन बसलेली होते. वय वर्षं एकोणीस.

स्वराज्य येऊन दीड वर्ष झालं होतं. कोल्हारच्या खाली, नदीला लागूनच्या त्या गावात मी मुलींच्या शाळेवर नवी शिक्षिका होते. माझे वडील शेजारच्या गावी ख्रिस्ती शाळेत मास्तर. दोन पिढ्यांपूर्वी आमचं घराणं ख्रिस्ती झालं होतं. गावाच्या लेखी त्यानं फारसं काही बदललं नव्हतं. मला लोक 'बाई' म्हणत, मान देत, मुली शिकायला पाठवत. पण बसायचं ओट्यावर आणि पाणी प्यायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. मला त्याचं फार काही वाटत नसे, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची.

त्या हिवाळ्यात तलाठी भाऊसाहेबांकडे हुकूम आला. एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायचं. शेत असो नसो, लिहिता येवो न येवो, बाई असो की पुरुष. पुरुषांची नावं भाऊसाहेबांनी चावडीत बसून दोन दिवसांत लिहिली. बायकांपाशी गाडं अडलं. परक्या पुरुषानं नाव विचारलं की त्या पदर ओढून आत निघून जात. मग भाऊसाहेब शाळेत आले. तांबूस टोपी, खांद्यावर उपरणं, स्वभावानं कोरडा पण सरळ माणूस.

"शांताबाई, हे काम तुमच्याशिवाय व्हायचं नाही," ते म्हणाले. "आम्ही दारात उभे राहिलो की बायका मुक्या होतात."

मला एकवीस पुरी व्हायला दोन वर्षं होती. माझं स्वतःचं नाव त्या यादीत येणार नव्हतं. पण मला इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी मी मुलींना एक तास आधीच सोडून दिलं.

शाळा सुटली की मी निघायची. शाळूची ज्वारी डोक्याएवढी झाली होती, कणसं दुधात होती. सगळ्या रानांतून राखणीचे माळे उभे राहिलेले, आणि माळ्यावरून गोफणीचा फटाका उडाला की पाखरांचा थवा उठून शेजारच्या रानात बसायचा. तिथूनही फटाका. बांधाबांधावर आगट्या पेटलेल्या, गोवऱ्यांचा आणि भाजल्या कणसांचा वास संध्याकाळभर गावावर तरंगत असायचा. आजही मला मत म्हटलं की कागदाचा वास येत नाही, तो वास येतो.

"नाव काय तुमचं?"

"लिवा की, दगडूची आई."

"दगडूची आई नाही, तुमचं नाव."

"मंग लिवा, कारभाऱ्याची मालकीन."

कुणी म्हणे, नाव कशाला, लेव्हीचं, सरकारला घालायचं धान्य वाढवायला का? कुणी म्हणे, सासूला विचारते. एक म्हातारी तर खरोखरच आठवत बसली. मग म्हणाली, "आई असताना मला काय म्हनायची ती? आता समदी 'अगं' म्हनत्यात." शेवटी तिच्या धाकट्या बहिणीनं, पलीकडच्या आळीतून येऊन, तिचं नाव सांगितलं. कोंडाबाई. म्हातारी ते दोनदा स्वतःशी म्हणाली आणि खुदकन हसली.

एका रविवारी शाळेच्या अंगणात मी बायकांना गोळा केलं. मत म्हणजे काय, ते सांगायचं होतं. मलाही ते पुस्तकातूनच कळलेलं. मी म्हटलं, राज्य कुणी चालवायचं ते आता आपण ठरवणार, आणि प्रत्येकाला एकच मत.

मागून एकीनं विचारलं, "पाटलाला बी एकच?"

"एकच."

"आन मला बी एकच?"

"एकच."

मग सगळ्या बायका अशा हसायला लागल्या, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. इतकी वर्षं मी शिकवलं, पण त्या दिवसासारखा वर्ग मला पुन्हा मिळाला नाही.

हौसाबाई त्या दिवशी तिथं होती. मागं भिंतीला टेकून बसलेली, सावळी, उंच, चोवीसेक वर्षांची. ती हसली नव्हती. ती ऐकत होती.

तिच्या घरी मी दोन दिवसांनी गेले. घरात माणसं तीनच. सासरे आबा, सासू भागूबाई आणि ही. आबांनी ओट्यावर घोंगडी टाकली, स्वतः खांबाला टेकून बसले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "लिवा. माझं, म्हातारीचं, सुनंचं आन सखारामचं. चार मतं हायती आमच्या घरात."

सखाराम म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, हौसाबाईचा नवरा. लढाईच्या दिवसांत नगरला जाऊन लष्करात भरती झाला होता. पहिली दोन वर्षं पत्रं आली. शेवटचं आसामातून आलं. त्यात फक्त पावसाचं वर्णन होतं. नंतर काही नाही. त्याला साडेचार वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "आबा, यादीत जो गावात राहतो त्याचंच नाव घालायचंय. निदान सहा महिने तरी गावात असायला हवा."

"सरकारच्याच कामाला गेलाय न्हवं त्यो? मंग सरकार कसं म्हनंल, गावात न्हाई म्हनून?"

आबांनी आत हाक मारली. "हौसे, त्यो कागुद आन. बाईंना इंग्रजी येतं."

हौसाबाई रानातून नुकतीच आलेली होती. गोफण अजून कमरेला खोचलेली. तिनं पत्र्याच्या पेटीतून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला कागद आणला, आबांच्या हातात दिला आणि चौकटीशी उभी राहिली. आबांनी तो माझ्याकडे दिला. छापील कागद, त्यात शाईनं भरलेलं नाव, क्रमांक, आणि खाली एक ओळ. ओळीतला पहिला शब्द होता बेपत्ता. त्याच्यापुढे स्वल्पविराम. आणि त्यापुढे लिहिलं होतं, ठार झाला असावा असे समजले जाते.

मी तो कागद हातात धरून बसले. माझ्या लक्षात आलं की माझ्याआधी कुणीतरी हा त्यांना वाचून दाखवलेला आहे, आणि तोही त्या स्वल्पविरामापाशी येऊन थांबलेला आहे.

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

"बेपत्ता आहेत, असं लिहिलंय."

"त्येच. पोस्टमन बी त्येच म्हनला हुता."

भागूबाई आतून म्हणाली, "मंग? म्या काय सांगत हुते?"

हौसाबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "बेपत्ता म्हंजी वाट चुकल्यागत ना, बाई?"

मी म्हटलं, "हो."

तिनं मान हलवली. कागद परत त्याच फडक्यात बांधला. मी तिचं नाव लिहिलं. हौसाबाई, वय चोवीस. पतीचं नाव आबांनी सांगितलं, कारण तिनं ते उच्चारायचं नव्हतं. सखारामचं वेगळं नाव मी घातलं नाही. वहीच्या कडेला पेन्सिलीनं एवढंच टिपलं, 'लष्कराचा कागद पाहिला.' निघताना तिनं ओंजळीवर पाणी ओतलं आणि पदराच्या टोकात बांधून आणलेला कोवळा हुरडा माझ्या रुमालावर सोडला. ऊन ऊन होता तो. मी चालताचालता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी भाऊसाहेबांकडे गेले. ते एकेक नाव आपल्या मोडी अक्षरांत उतरवून घेत होते. माझ्या पेन्सिलीच्या टिपणापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हा कसला कागद?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. स्वल्पविरामाच्या पुढचंसुद्धा. का सांगितलं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. ते सरकारी माणूस होते, विचारत होते, आणि मी एकोणीस वर्षांची होते आणि मला इंग्रजी येत होतं. जी गोष्ट तिच्या तोंडावर तिला सांगता आली नाही, ती मी तिच्या माघारी एका तिऱ्हाइताला सांगितली.

"म्हणजे मयतच की," भाऊसाहेब म्हणाले.

"समजले जाते, असं आहे. आणि घरी त्यांना हे माहीत नाही. तुम्ही कुठं लिहू नका."

"मी कशाला लिहू?" ते म्हणाले, आणि पान उलटलं. ते खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. त्या क्षणी त्यांच्या मनात ते नसावं. पुढं दोन आठवड्यांनी शेकडो नावांची पक्की यादी करताना, वरच्या कचेरीची घाई लागलेली असताना, त्यांच्या हातानं सवयीनं जे लिहायचं ते लिहिलं.

माघ सरत आला. कणसं टणक झाली, हुरडा संपला, आगट्या विझल्या. एका सकाळी दवंडी फिरली की यादी चावडीवर लावली आहे आणि वाचूनही दाखवणार आहेत. ज्याची काही चूक असेल त्यानं हरकत घ्यायची. सगळा गाव लोटला. बायका चावडीसमोरच्या कडुलिंबाखाली. मी त्यांच्यात उभी. आपल्या गावात, भर चावडीत, पाटलाच्या नावाखालोखाल आपलं नाव वाचलं जातंय, हे ऐकायला त्या डोकीवरचे पदर सावरून, नवं लुगडं नेसून आल्या होत्या. कोंडाबाईचं नाव आलं तेव्हा ती "व्हय, मीच!" असं इतक्या मोठ्यानं ओरडली, की खुद्द भाऊसाहेबही हसले.

आणि मग आबांचं घर आलं. आबांचं नाव. भागूबाईचं. त्यानंतर भाऊसाहेबांनी त्याच आवाजात, त्याच चालीवर वाचलं, "हौसाबाई, मयत सखाराम यांची बायको, वय चोवीस."

पुढचं नाव वाचायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. नदीवर कुणीतरी धुणं बडवत होतं ते ऐकू आलं. हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मग भागूबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इथं लिहू शकत नाही. आबा चावडीच्या पायरीवर खाली बसले आणि म्हणाले, "सरकारला कळलं असंल. सरकारला कळल्याबगर त्ये लिवील का?"

गावाला एवढं पुरे होतं. सरकारनं वाचून दाखवलं, म्हणजे खरं. मी गर्दीतून पुढं व्हायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं की सरकारला काही कळलेलं नाही, मीच सांगितलंय, आणि मलाही काही माहीत नाही. मी तिथंच उभी राहिले.

त्याच संध्याकाळी तिच्या बांगड्या फोडल्या. मी तिथं नव्हते. नदीवर दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला, दहावा केला, कावळा शिवला असंही लोक म्हणाले. दहा दिवस मी त्या आळीतून गेले नाही. मुलींना बेरजा घालायची आणि खिडकीतून बाहेर बघत बसायची.

अकराव्या की बाराव्या दिवशी ती शाळेत आली. मुली घरी गेल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. मनगटावर एका जागी काच लागलेली, खपली धरलेली. मी उठून उभी राहिले. ती दारातच थांबली.

"बाई, त्या दिवशी तुमी कागुद समदा वाचला हुता का?"

"नाही."

"म्होरं काय हुतं?"

मी सांगितलं. ठार झाला असावा असे समजले जाते. ते मराठीत म्हणताना प्रत्येक शब्द सुटा सुटा पडत होता.

ती म्हणाली, "समजत्यात म्हंजी? ज्यानं लिवलं त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलं का?"

"नाही. सापडला नाही, म्हणून तसं समजतात."

"मंग?"

ती रडत नव्हती, मला बोलही लावत नव्हती. लावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमीच म्हनला हुता न्हवं, यादीत चुकलं असंल तर सांगायचं म्हनून? मंग मला सांगायचंय."

मी तिथंच बसून तिचा हरकतीचा अर्ज लिहिला. खाली तिचा अंगठा घेतला. चार दिवसांनी तालुक्याच्या कचेरीत आमची सुनावणी झाली. आम्ही दोघी पहाटे निघून चालत गेलो. आबांना तिनं सांगितलं होतं. ते हो म्हणाले नाहीत, अडवलंही नाही.

कचेरीतले साहेब तरुण होते, दमलेले होते, समोर अर्जांचा ढीग होता. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "अहो बाई, तुमचं नाव तर आहे. तुम्हाला मत देता येईल. या एका शब्दानं काय फरक पडतो?"

"तुमाला न्हाई पडत, साहेब," हौसाबाई म्हणाली.

त्यांनी मान वर केली. तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मग सुनावणीला बोलावलेल्या भाऊसाहेबांना विचारलं, "मृत्यूचा दाखला आहे?"

"नाही, साहेब."

"मग कशाच्या आधारावर लिहिलं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून उभे राहिले. माझं नाव ते घेणार नव्हते. मीच म्हटलं, "मी सांगितलं त्यांना. मी कागद वाचला आणि त्यांना सांगितलं."

साहेबांनी लेखणी शाईत बुडवली. "नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा. बरोबर लिहून घेऊ."

ते तिलाच विचारत होते. मी तोंड उघडलं, पण तिनं हात आडवा केला. भिंतीकडे बघत, अगदी हळू पण स्पष्ट, तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, मग सासऱ्याचं. साहेबांनी 'मयत' या शब्दावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

बाहेर आल्यावर भाऊसाहेब काही वेळ आमच्याबरोबर चालले. फाट्याशी वळताना ते हौसाबाईला म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं चूक झाली." ती म्हणाली, "हातनं झाली, भाऊसाहेब. मनातनं न्हवती." मला मात्र ती असं काही म्हणाली नाही.

त्या दिवशी तालुक्याचा बाजार होता. कासाराच्या दुकानापाशी तिची पावलं मंदावली. कासारीण हसून पुढं झाली, तिचा हात हातात घेतला, बोटं दाबून मापाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "कोनच्या रंगाच्या भरू?" हौसाबाईच्या ओठांवर शब्द आला असावा. मग कासारणीची नजर तिच्या कपाळावर गेली. तिनं हात सोडला नाही, पण हसू मावळलं. हौसाबाईनं आपणच हात काढून घेतला आणि आम्ही चालू लागलो.

नदीकाठी बाभळीखाली भाकरी सोडली. तिची एक, माझी एक. तिनं माझ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि आपल्यातला माझ्यापुढे केला. मग माझ्याच तांब्याला तोंड लावून पाणी प्यायली. आणि तिथं, पाण्याकडे बघत, ती रडली. किती वेळ ते सांगता येणार नाही. साडेचार वर्षांचं होतं ते. दहाव्याला ती रडली नव्हती असं मागाहून कळलं. त्या वेळी गाव तिला म्हणालं होतं, दगड आहे.

घरी आबा ओट्यावरच बसले होते. मी आनंदानं सांगायला गेले की शब्द खोडला, यादी दुरुस्त झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग आमी दहावा केला, त्यो कुनाचा?" ते म्हणाले.

भागूबाई दारात येऊन उभी राहिली. ती सुनेला म्हणाली, "परत कुकू लावनार का आता? गावानं काय म्हनावं? येकदा रडले मी पोराला. आता पुन्यांदा वाट बघायला लावू नगंस मला. माज्यात न्हाई ताकद." तिच्या आवाजात राग होता असं मला तेव्हा वाटलं. आता मी तिच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढं आलेली आहे. तो राग नव्हता.

त्यानंतर त्या घरात दोघींचं जमलं नाही. एक वाट बघणारी आणि एक वाट बघणं संपवलेली, अशा दोन बायका एका चुलीपाशी बसू शकल्या नाहीत. फाल्गुनात शाळू काढून झाला, खळी सुरू झाली, आणि भागूबाईनंच निरोप धाडला म्हणून हौसाबाईचा भाऊ तिला न्यायला आला. तिचं माहेर लांब, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या डोंगरात. जाताना ती शाळेवरून गेली. काखेत एक बोचकं. तो लष्कराचा कागद तिनं मागून घेतला होता, आबांनी दिला होता.

मी म्हटलं, "तिकडं गेल्यावर तिथल्या यादीत नाव घाल. तिथं सहा महिने राहिलीस की..."

"तिथं काय सांगू मी, कोनाची कोन म्हनून?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या हितंच. हितं नीट लिवलंय." दोन पावलं पुढं जाऊन परत वळली. "काढू नका हां, बाई."

मी मान हलवली. खळ्यांवरून उडालेला भुसा उन्हात तरंगत होता. त्यातून ती दोघं बहीणभाऊ दिसेनाशी झाली.

मी तिला परत कधी भेटले नाही. खूप वर्षांनी मुलींची सहल घेऊन भंडारदऱ्याला गेले, तेव्हा सगळ्या मुली धरणाच्या भिंतीवर धावत होत्या आणि मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या माहेरच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. इतक्या बायकांची नावं लिहिली, आणि हे एक विचारायचं राहिलं.

पहिलं मतदान झालं ते जवळजवळ तीन वर्षं उलटल्यावर, पुन्हा थंडीतच. आमच्या शाळेतच केंद्र होतं. बायकांची ओळख पटवायला, नावावर खूण करायला मला बसवलं होतं. माझ्यासमोर छापील यादी. रांग पार कडुलिंबापर्यंत गेलेली. प्रत्येकजणी येऊन आपलं नाव सांगत होती, खणखणीत. सासूच्या पुढ्यात, दिराच्या पुढ्यात, स्वतःचं नाव.

दुपारी भागूबाई आली. पार वाकली होती. आबा आदल्या वर्षी गेले होते, त्यांच्या नावावर रेघ होती. मी तिच्या नावावर खूण केली. शेजारच्या माणसानं तिच्या बोटाला शाई लावली आणि मतपत्रिका हातात दिली. पेट्या पडद्याच्या आड ठेवल्या होत्या. मी तिला वाट दाखवली. ती हलेना.

"बाई, तिचं मत?" ती म्हणाली.

"कुणाचं, आजी?"

"हौशीचं. हाय न्हवं हितं? मी टाकू का तिचं?"

"नाही टाकता येत. ज्याचं त्यानंच टाकायचं."

"ती न्हाई यायची." ती माझ्या जवळ वाकली. "मीच घालवली तिला."

मागून बायका कुरकुरायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आवरा की आजी." तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"मंग तुमी तिचं नाव काढनार का?"

"नाही," मी म्हटलं. "आहे तसंच राहील."

"कुठं हाय? दावा."

तिला वाचता येत नव्हतं. मी यादी तिच्याकडे फिरवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि तिथं आपलं टेकवलं. शाई अजून ओली होती. केंद्रावरचे साहेब खुर्चीतून उठून ओरडले, "अहो म्हातारबाई, यादीला हात लावू नका!"

तिनं बोट उचललं नाही.